रेल्वेच्या डब्यांचे कारखाने आणि तिथली कारागिरी : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ एवढं मोठं रेल्वेचं गाव, मग डबे भुसावळातच बनायचे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून आधी हाच घेतो. भुसावळची ओळख मुख्यतः इंजिनांची. आधी वाफेच्या इंजिनांचं मोठं लोको शेड, मग इलेक्ट्रिक आल्यावर इलेक्ट्रिक लोको शेड आणि ज्याला गावात सगळे नुसतं 'पीओएच' म्हणतात तो इंजिनांचा कारखाना. डब्यांचं भुसावळात काय व्हायचं आणि अजून होतं, तर रोजची तपासणी, धुणं, छोटी दुरुस्ती, चाकं-ब्रेक बघणं, म्हणजे सीएनडब्ल्यूवाल्यांचं (कॅरेज अँड वॅगन, डबे-वॅगन बघणारा विभाग) काम, पिट लाइन (खालून तपासायला खड्डा असलेली लाइन) आणि सिक लाइनवरचं (बिघडलेले डबे दुरुस्तीला लावायची लाइन). डबा पूर्ण उघडून पुन्हा उभा करायचा असला की तो आपल्याकडून मुंबईला माटुंग्याला जायचा. आणि मनमाडला जो कारखाना आहे तो पुलांच्या गर्डरचा, त्याला डब्यांच्या कारखान्यात धरू नका, बरेच जण धरतात.

पण म्हणून खान्देशचा डब्यांशी संबंध नाही असं अजिबात नाही. जीआयपी रेल्वेची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) नागपूरकडची आणि जबलपूरकडची अशा दोन्ही लाइनी भुसावळातच फुटतात. 1867 ला नागपूर जोडलं गेलं, 1870 ला जबलपूरकडून कलकत्त्याची लाइन जुळली, तेव्हापासून मुंबईत बांधलेले कितीतरी डबे आपल्याच उन्हातून, आपल्याच धुळीतून गेलेत. आणि ते बांधणाऱ्यांत आपल्याकडची माणसं पण होती.

मग हे डबे नेमके कुठे बांधायचे?

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी निघाली, 14 डबे, 34 किलोमीटर. जीआयपीचं सुरुवातीचं वर्कशॉप भायखळ्याला होतं, मग 1879 ला परळ, आणि 1915 ला डबे-वॅगनसाठी वेगळा माटुंग्याचा कारखाना झाला, जो आजही चालू आहे. देशात इतर ठिकाणीही मोठे कारखाने होते, बिहारात जमालपूर 1862 चं, बंगालात कांचरापाडा, राजस्थानात अजमेर, हैदराबादजवळ लालागुडा, प्रत्येकाची स्वतःची पद्धत.

बराच काळ काम असं वाटलेलं असायचं की खालचा लोखंडी सांगाडा, ज्याला अंडरफ्रेम म्हणतात, तो आणि चाकं इंग्लंडहून बोटीने यायची आणि वरचा अख्खा डबा इथे उभा राहायचा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डेक्कन क्वीन. 1 जून 1930 ला ती सुरू झाली, अंडरफ्रेम इंग्लंडचे पण डब्यांची बॉडी माटुंग्याच्या कारागिरांनी बांधलेली, एक रेक (म्हणजे जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच) चंदेरी रंगाचा लाल पट्ट्यांचा आणि दुसरा निळा सोनेरी रेघांचा. लोक त्या गाडीच्या ऑम्लेटबद्दल भरभरून बोलतात, बांधणाऱ्यांबद्दल फार कमी बोलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लाकडाचेच डबे का? आणि सागच का?

कारण त्या काळी गाडीची बॉडी म्हणजे लाकूडच, घोड्याच्या बग्ग्या बांधणारे कारागीरच इंग्लंडात रेल्वेच्या डब्यांकडे वळले होते, तीच पद्धत इकडे आली. फक्त इंग्लंडचं ओक लाकूड इथे चालत नव्हतं. एक तर वाळवी, आणि दुसरं म्हणजे ओकमध्ये जे आम्ल असतं ते लोखंडी खिळे-बोल्ट खाऊन टाकतं. सागात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही, लोखंड त्याच्यात टिकतं आणि पाऊस-ऊन आलटून पालटून बसलं तरी लाकूड फारसं वाकत नाही. ब्रह्मदेशचा साग यासाठी नावाजलेला होता. आपल्याकडे सातपुड्याचा आणि डांगचा साग घरोघरी माहीत आहे, खान्देशातले जुने वाडे त्यावरच उभे आहेत, त्यामुळे इथल्या सुताराच्या हाताला हे लाकूड नवीन नव्हतं.

ओंडका आला की लगेच वापरायचे नाहीत. सॉ मिलमध्ये फळ्या पाडायच्या, मध्ये पट्ट्या ठेवून हवा खेळेल अशी रास लावायची आणि वाळू द्यायचं. घाई केली की डबा लाइनवर गेल्यावर सांधे उघडतात. मग उभे खांब, आडवी पट्टी, छताच्या वाकवलेल्या कमानी, हे सगळं खाच-कुसू करून जोडायचं. पटाशी, रंधा, गुण्या, वाकस, सामता ही तीच हत्यारं जी गावातल्या सुताराच्या पेटीत असतात. छतावर फळ्या बसवून त्यावर सफेद्याचा जाड थर देऊन कॅनव्हास ताणायचा आणि वरून पुन्हा रंग, म्हणजे पाणी आत येत नाही.

मे महिन्यात भुसावळला 45 डिग्री, लाकडी डबा फुटायचा नाही का?

खरं तर इथेच त्या लोकांची अक्कल दिसते. डबा बांधायचा मुंबईच्या दमट हवेत आणि पळवायचा जळगाव-भुसावळ-अकोल्याच्या कोरड्या भट्टीत. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आक्रसतं, आणि हे मोजून दोन-चार दिवसांच्या अंतराने होत राहतं कारण गाडी जाते आणि परत येते. मग फळी चारही बाजूंनी घट्ट ठोकून टाकली तर ती फाटणारच. म्हणून एका फळीच्या कडेला जीभ आणि दुसरीच्या कडेला खाच, एकमेकांत सरकतील अशी, आणि पॅनेल फ्रेमच्या खाचेत थोडं मोकळं. वरून बारीक बिडिंग पट्टी. जुन्या डब्यांवर उभ्या-आडव्या पट्ट्यांची जी नक्षी दिसते ती शोभेची वाटते पण तिचं मुख्य काम फटी झाकणं हेच, लाकूड खाली हललं तरी बाहेरून कळू नये.

उन्हासाठी अजून एक होतं, खिडक्यांवर बाहेरून झडपीसारखी पडदी किंवा छज्जा, आणि काही डब्यांना दुहेरी छप्पर, मध्ये हवेची पोकळी. वरच्या वर्गात खसच्या पडद्यावर पाणी सोडून हवा गार करायची सोय जीआयपीने 1870 च्या दशकातच करून बघितली होती. तिसऱ्या वर्गाला अर्थातच यातलं काही नाही, लाकडी फळ्यांचे बाक आणि बाहेरची गरम झळ.

कारखान्यात काम करायला माणसं कुठून आली?

गावातून. सुतार, लोहार, तांबट, कासार, चांभार, रंगारी, हे बलुतेदार-कारागीर समाज आधीपासून होतेच, मुंबईत जहाजबांधणीतले पारशी सुतारही होते, आणि रेल्वेला नेमके हेच हात हवे होते. चामड्याचं काम जाणणारा ट्रिमिंग शॉपमध्ये (गाद्या-बैठका शिवायचा विभाग), लोहार स्मिथीत, तांब्या-पितळेवाला ब्रास फिटिंगला. वर फोरमन बहुतेक गोरे किंवा अँग्लो-इंडियन, खाली मिस्त्री आपले, आणि ड्रॉइंग वाचणारा व काम करणारा यांच्यामधलं सगळं मिस्त्रीच्या डोक्यात.

शिकायची पद्धत बघा, आधी खलासी म्हणून घ्यायचे, वर्षानुवर्षं सामान उचलणं, हत्यारं देणं, हातोडा धरणं, मग कुठे हेल्पर, मग कारागीर. पुस्तक नाही. मिस्त्रीने काम दाखवायचं आणि पोराने बघायचं. काही मिस्त्री सगळं शिकवायचे, काही नेमकी शेवटची गोष्ट पोटात ठेवायचे, असं जुन्या माणसांकडून बऱ्याचदा ऐकायला मिळतं, आणि दोन्ही खरं असणार. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानंतर आयटीआयची पोरं रीतसर यायला लागली.

भोंगा हा अजून एक विषय. कारखान्याचा भोंगा झाला की त्यावर अख्ख्या वस्तीची घड्याळं चालायची, शाळेचे डबे भरायचे, भाकरी टाकायची. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या कुठल्याही आजीला विचारा.

रेल्वेचं चाक म्हणजे एकच अखंड लोखंड असतं ना?

आता हो, आधी नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव कशी चढवतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं, आक्रसून ती चाकाला अशी धरते की खिळ्याची गरज नाही. रेल्वेचं जुनं चाक अगदी असंच, आत चाकाचा गाभा आणि वर पोलादी टायर तापवून चढवलेला, फक्त माप केसभर चुकलं तरी चालत नाही, कारण सैल राहिला तर टायर निसटणार आणि फार घट्ट झाला तर तडकणार.

यात एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडात रिचर्ड मॅन्सेल नावाच्या डब्यांच्या इंजिनिअरने 1848 ला एक चाक काढलं, त्यात मधला भाग चक्क सागाच्या 16 तुकड्यांचा आणि बाहेरून पोलादी टायर. लाकडामुळे आवाज कमी, धक्का कमी. म्हणजे पूर्वेकडचा साग तिकडच्या गाड्यांच्या चाकात फिरत होता.

टायर सैल झालाय की तडकलाय हे ओळखायची पद्धत म्हणजे लांब दांड्याची हातोडी. गाडी प्लॅटफॉर्मला लागली की एक माणूस प्रत्येक चाकावर ठोकत जायचा, चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, बिघडलेलं बद्द वाजतं. भुसावळ, मनमाड, चाळीसगावला ज्यांचं लहानपण गेलंय त्यांच्या कानात हा आवाज आहे. रात्रीच्या गोंगाटात, पावसात, शेकडो चाकांमधून एक बद्द आवाज पकडायचा, हे कान तयार व्हायला वर्षं लागतात. आता अखंड चाकं बरीचशी बंगळुरूजवळच्या येलहंका कारखान्यातून येतात, 1984 पासून, आणि तडा शोधायला अल्ट्रासॉनिक मशीन आहे. मशीन चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही.

'हॉट अ‍ॅक्सल' म्हणजे काय? आमचे नाना सारखं बोलतात.

नाना बोलणारच, रात्रीची झोप त्यानेच उडवलेली असते. जुन्या डब्यात रोलर बेअरिंग नव्हतं. धुऱ्याच्या टोकावर पितळेचा अर्धगोल तुकडा बसायचा, त्याला आतून पांढऱ्या धातूचं अस्तर, म्हणजे कथील, अँटिमनी, तांबं यांचं मिश्रण, काही वेळा शिसंही. खालून तेलात भिजवलेलं सुताचं पॅकिंग धुऱ्याला सतत तेल लावत राहायचं. तेल कमी पडलं, पॅकिंग सरकलं किंवा धूळ गेली की घर्षण, मग धूर, मग पांढरा धातू वितळून वाहायचा, आणि तरीही गाडी थांबली नाही तर धुराच तुटायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे जास्त.

ते बेअरिंग तयार करायचं काम बघण्यासारखं होतं. पितळेचा तुकडा साफ करून आधी कथलाचा हात द्यायचा म्हणजे अस्तर पकडेल, मग साच्यात धरून वितळलेला धातू एका दमात ओतायचा, थांबलात की आत हवा राहते. गार झाल्यावर धुऱ्याला निळा रंग अगदी पातळ चोळायचा आणि बेअरिंग त्यावर ठेवून फिरवायचं. जिथे जिथे निळा डाग उठला तिथे उंचवटा आहे. तो स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा ठेवायचं, पुन्हा बघायचं, डाग सगळीकडे सारखे उठेपर्यंत. फिटर किती मुरलेला आहे हे त्याच्या निळ्या डागांवरून कळायचं. हे काम ज्याने मन लावून केलंय त्याची गाडी भुसावळ सोडून इटारसीला गेली तरी धुरा गार राहायचा, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी कोण देणार, गाडी नीट गेली याची बातमी होत नाही.

जुन्या डब्यांचा रंग एवढा चकचकीत कसा असायचा?

थरांमुळे आणि धीरामुळे. आधी प्रायमर, मग भरणीचे थर, ते झामदगडाने पाणी लावून घासायचे, मग रंगाचे हात, मग वॉर्निशचे, आणि प्रत्येक हात वाळल्याशिवाय पुढचा नाही. एक डबा पेंट शॉपमध्ये आठवडे उभा राहायचा. अक्षरं हाताने लिहायची, उंची डब्यांवर सोन्याचा वर्ख. पेंट शॉपात धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारून ठेवायचे. त्या रंगात शिसं असायचं आणि ते रंगाऱ्यांच्या फुप्फुसात, रक्तात जायचं, हेही लिहून ठेवलंच पाहिजे.

मरून रंग आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला. 1990 च्या दशकात निळे डबे आले, ते एअर ब्रेकचे, आणि मरून म्हणजे जुने व्हॅक्यूम ब्रेकचे, त्यामुळे रंगावरून ब्रेक कळायचा.

डबे लोखंडी झाले तेव्हा सुतारांचं काय झालं?

अपघातात लाकडी डबे एकमेकांत घुसायचे, आग लागली की वाचवणं अवघड, त्यामुळे पोलादी बॉडी येणारच होती आणि ती आली हे चांगलंच झालं. 2 ऑक्टोबर 1955 ला चेन्नईजवळ पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कंपनीच्या डिझाइनवर, बॉडी आणि सांगाडा एकत्र वेल्ड केलेला. पण सुरुवातीला तिथे फक्त रिकामं कवच बनायचं, आतलं सगळं काम, बाक, फळ्या, दारं, खिडक्या, रेल्वेच्या जुन्या कारखान्यांत व्हायचं. 1962 ला पेरांबूरला स्वतःचा फर्निशिंग विभाग झाला. म्हणजे मधली काही वर्षं नवीन पोलादी डब्यात जुन्या सुतारांचाच हात होता, आणि हे फार लोकांना माहीत नाही.

पुढे सनमायका आला, प्लायवुड आलं, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. पुष्कळ सुतार पॅनेल फिटर झाले. लोहारांचं सोपं गेलं, स्मिथीतला माणूस वेल्डिंगकडे वळला. ज्याला लाकडात सरळ रेघ दिसते त्याला पत्र्यातही दिसते, हे माझं ठाम मत आहे.

सेकंड क्लासला गाद्या कधी आल्या?

थर्ड क्लास 1974 ला बंद झाला पण बाक लाकडीच राहिले. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, 1977 नंतर, सेकंड क्लासच्या स्लीपरवर दोन इंच फोम आला. त्यांच्याच काळात 26 डिसेंबर 1977 ला गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, वर्गभेद नसलेली पहिली गाडी, मुंबई-हावडा, आपल्या भुसावळवरूनच. ट्रिमिंग शॉपमध्ये तोवर काथ्या, घोड्याचे केस, चामडं हे सगळं वरच्या वर्गासाठी शिवलं जायचं, त्याच शिलाई मशीनवर मग साध्या माणसाची गादी आली. माझ्या मते डब्यांच्या इतिहासातला हा फार मोठा दिवस आहे.

पीओएच म्हणजे नेमकं काय करतात?

पिरीऑडिकल ओव्हरहॉल. मेल-एक्सप्रेसचा डबा साधारण दीड वर्षाने कारखान्यात जातो. क्रेनने किंवा जॅकने बॉडी उचलतात, बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा, खालून बाहेर, मग बोगीच्या स्प्रिंगा, ब्रेक, चाकं वेगळी. चाकाची झीज लेथवर सारखी करतात कारण चाकाला उतार असतो, 20 ला 1, आणि तो बिघडला की डबा डुलतो. बॉडीत सगळ्यात वाईट जागा संडासाखालची, तिथे पत्रा गंजून चाळण झालेला असतो, तो कापून नवीन वेल्ड करायचा, आडवं पडून, डोक्यावर ठिणग्या घेत. तिथे काम करणाऱ्या माणसाला कारखान्यात मान असतो.

डब्यावरच्या आकड्यांवरून काही कळतं का?

कळतं. डब्याच्या नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे तो बनला ते वर्ष, 05 असेल तर 2005. आणि डब्याच्या टोकाच्या भिंतीवर बारीक अक्षरात पीओएच कधी झालं, कुठल्या कारखान्यात झालं आणि परत कधी जायचंय ते लिहिलेलं असतं. जळगाव स्टेशनला गाडी उभी असताना बघा, लहान मुलांना हे दाखवायला फार मजा येते.

एलएचबी डबे आल्यावर कारागिरी संपली का?

नाही, जागा बदलली. हे डबे (लिंके-हॉफमान-बुश या जर्मन कंपनीच्या डिझाइनचे, म्हणून एलएचबी) 2000 च्या आसपास जर्मनीहून आले, मग कपूरथळ्याला बनायला लागले, पेरांबूरने जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी 2018 ला बाहेर काढला. स्टेनलेस स्टील, डिस्क ब्रेक, वेगळं कपलिंग, अपघातात डब्यावर डबा सहसा चढत नाही, त्यामुळे जुन्याच्या प्रेमात पडून नवीन नको म्हणणारा मी नाही. पण स्टेनलेसचं पातळ वेल्डिंग वाकू न देता करणं हीसुद्धा हाताचीच कला आहे आणि ते करणारी पोरं आज आयटीआयमधून येतायत, त्यांच्याबद्दलही कुणीतरी आत्ताच लिहून ठेवा.

आमचे आजोबा माटुंग्याला कारखान्यात होते, आता 85 चे आहेत. त्यांना काय विचारू?

आधी हे की आजच विचारा, दिवाळीपर्यंत थांबू नका. 'तुमचे अनुभव सांगा' असं विचारलं तर माणूस गप्प होतो किंवा प्रमोशन आणि रिटायरमेंटचं सांगतो. हत्यार विचारा. कुठल्या शॉपात होते, पहिलं हत्यार कोणी हातात दिलं, ते धरायचं कसं. शक्य असेल तर पटाशी किंवा फाईल त्यांच्या हातात द्या आणि मोबाईलवर हाताचं शूटिंग करा, चेहऱ्याचं कमी, हाताचं जास्त. जी गोष्ट तोंडाने सांगता येत नाही ती हात आपोआप करून दाखवतो. कारखान्यातले बोलीतले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, सुधारू नका, आजोबा अहिराणीत सांगत असतील तर अहिराणीतच. जुनं गेट पास, पगाराची स्लिप, पितळी बिल्ला घरात असेल तर भंगारात देऊ नका. आणि आजीला विसरू नका, तेलाचे कपडे कशाने धुवायचे, रात्रपाळीचा डबा किती वाजता, भाजलेल्या हाताला काय लावायचं, हे सगळं तिच्याकडे आहे.

जुने डबे बघायला कुठे जाऊ?

खान्देशातून सगळ्यात सोपं नागपूर, मोतीबागला नॅरोगेजचं म्युझियम आहे, 2002 पासून. आपली पाचोरा-जामनेर, म्हणजे पीजे, तीही याच अडीच फुटी नॅरोगेजची होती, तिच्यात बसलेल्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल. दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे म्युझियम, तिथे 1875 चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून आणि 1899 चा म्हैसूरच्या महाराजांचा सलून आहे. बघताना सोन्या-हस्तिदंताकडे बघा पण दाराच्या कोपऱ्यातला सांधाही वाकून बघा.

माझ्या मुलाला यात शिकायचंय, रस्ता आहे का?

आहे. मध्य रेल्वेची अप्रेंटिस भरती निघते, दहावीला 50 टक्के आणि ट्रेडचं आयटीआय लागतं, वय 15 ते 24, राखीव वर्गांना सवलत. भुसावळ क्लस्टरमध्ये सीएनडब्ल्यू डेपो, इलेक्ट्रिक लोको शेड, इंजिनांचा कारखाना, मनमाडचा वर्कशॉप, नाशिकरोडचा ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप येतात, आणि डब्यांचंच काम हवं असेल तर फॉर्म भरताना मुंबई क्लस्टर घ्या, माटुंगा त्यात येतो. फिटर, वेल्डरला जागा जास्त, पण सुतार, पेंटर आणि शिवणकामाच्या ट्रेडलाही निघतात. ट्रेनिंग वर्षभराचं, स्टायपेंड मिळतो, नोकरीची हमी नसते हे पोराला आधीच सांगा. अर्ज ऑनलाइन आणि फक्त रेल्वेच्या स्वतःच्या भरतीच्या साइटवर, मधल्या कुणालाही एक रुपया देऊ नका.